जुन्या गाडीचा धूर

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाडीच्या सायलेन्सरमधून धूर येतो तो मुख्यतः तीन कारणांनी. इंजिनात ऑइल जळत असते, पाणी शिरत असते किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात असते. ऑइलचा धूर निळसर, पाण्याचा पांढरा, पेट्रोलचा काळा. एवढे गॅरेजमध्ये नव्याने लागलेल्या पोरालाही ठाऊक असते, आणि बहुतेक चुकीची निदाने इथेच थांबल्यामुळे होतात. रंगावरून काय जळते आहे ते कळते. ते कुठून आत आले हे कळत नाही. त्यासाठी धूर कधी येतो ते पाहावे लागते: सकाळी पहिला सेल्फ मारताना, उतार संपून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर, चढावर, की गाडी स्लोवर उभी असताना. निळा धूर दिसला की ‘रिंगा गेल्या, इंजिन काढा’ असा निकाल सर्रास दिला जातो. त्यातली कितीतरी इंजिने क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी साफ करून किंवा ऑइलची पातळी खाली आणून वाचली असती. जुन्या गाडीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. विनाकारण खोललेले इंजिन पुन्हा तसेच बसत नाही. म्हणून स्वस्त तपासण्या आधी आणि पान्याचे काम शेवटी, हा क्रम सोडता कामा नये.

रेवदंड्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात या निदानाला आणखी काही पदर आहेत. कुंडलिकेच्या मुखावरचे हे गाव अलिबागपासून सतरा-अठरा किलोमीटरवर आहे. पोर्तुगीज तटबंदीच्या आतबाहेर नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समोर समुद्र, अशी त्याची रचना. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तेव्हापासून मुंबईची गाडी पेण-वडखळचा वळसा न घेता या पट्ट्यात उतरू शकते, जुन्या हौशी गाड्याही. पण जुन्या इंजिनाला ही हवा मानवत नाही. दमट खारा वारा बारा महिने वाहतो. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते आणि तेच रेडिएटरमध्ये ओतले जाते. शिवाय वापर अगदी तुटक: शनिवार-रविवारी रेवदंडा ते चौल किंवा नागाव एवढी फेरी आणि पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये मुक्काम. झिजेपेक्षा या मुक्कामानेच धूर काढणारी इंजिने इथे जास्त असतात.

महाराष्ट्रात जुनी गाडी म्हटली की पहिली डोळ्यांपुढे येते ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. इटलीच्या फियाट ११०० चीच ही भारतीय आवृत्ती. आधी फियाट, मग डिलाइट आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती घराघरांत पोचली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांकडे मात्र अजूनही पुष्कळ पद्मिनी आहेत. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसी. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. धुराचे निदान शिकायला याहून सोयीचे इंजिन नाही: सगळे भाग हाताला लागतात, इलेक्ट्रॉनिक काही नाही आणि प्रत्येक बिघाड आपली खूण दाखवतो. उत्तरपाऱ्याला बनलेल्या ॲम्बेसडरचे १४८९ सीसीचे इंजिन किंवा मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचे ९४८ सीसीचे इंजिन याच घडणीचे, त्यामुळे पुढचे बहुतेक सगळे त्यांनाही लागू पडते.

पहिला प्रश्न, धूर खरोखर सायलेन्सरमधूनच येतो का? टॅपेट कव्हरचे गॅस्केट कडक होऊन ऑइल पाझरले आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकले, की बॉनेटच्या फटींतून निळसर धूर निघतो आणि गाडीत जळक्या तेलाचा वास भरतो. मागून पाहणाऱ्याला इंजिनच ऑइल खाते असे वाटते. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले की हा घोटाळा मिनिटभरात मिटतो.

दुसरा प्रश्न वाफेचा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असले तर ते अदृश्य वाफेच्या रूपाने निघून जाते. थंड असले तर पांढऱ्या लोटाच्या रूपाने दिसते, थोडे थेंब होऊन नळीतून गळते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी रेवदंड्याच्या दमट हवेत निरोगी गाडीही पाच-सात मिनिटे असा लोट सोडते. ही वाफ पाठीमागे दोन-चार हातांवर विरून जाते. ऑइलचा धूर विरत नाही. हवेत तरंगत राहतो आणि त्याला वास असतो. शंका असली तर नळीच्या तोंडासमोर थोड्या अंतरावर पांढरा कोरा कागद अर्धा मिनिट धरावा. नुसते पाणी असेल तर कागद ओला होतो आणि वाळला की स्वच्छ निघतो. ऑइल असेल तर पिवळट, तेलकट ठिपके राहतात, उन्हात धरले की आरपार दिसतात. काजळी असेल तर कोरडा काळा डाग पडतो आणि बोटाने पुसला जातो.

गाडी पूर्ण तापून वीस मिनिटे चालल्यावरही पांढरा लोट थांबत नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे, बहुधा हेड गॅस्केटमधून, असे धरावे. परदेशी पुस्तके इथे गोडसर वासाची खूण सांगतात. तो वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा असतो. कोकणातल्या कितीतरी जुन्या गाड्यांत आजही साधे पाणीच भरलेले असते, त्यामुळे वास येणारच नाही. वास नाही म्हणून हेड गॅस्केट ठीक आहे असे समजणे ही इथली खास चूक आहे.

हेड गॅस्केटची तपासणी थंड इंजिनावर करायची. फॅनबेल्ट काढून ठेवायचा, म्हणजे पाण्याचा पंप फिरत नाही आणि पाणी स्थिर राहते. रेडिएटर काठोकाठ भरायचा, झाकण उघडेच ठेवायचे आणि इंजिन चालू करून हलके रेस करायचे. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे एक-दोन बुडबुडे येतात, ते सोडून द्यावेत. पण बुडबुडे एका लयीत येतच राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर ज्वलनाचा वायू गॅस्केट ओलांडून पाण्यात घुसतो आहे. मिनिट-दीड मिनिटात इंजिन बंद करायचे, कारण पंप बंद असल्याने हेड पटकन तापते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडून ही तपासणी कधीही करू नये. उकळते पाणी तोंडावर येते. रसायनाची तपासणीही मिळते: रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या नळीतला निळा द्राव ज्वलनवायू लागताच पिवळा पडतो. प्लगही साक्ष देतात. तीन प्लग तपकिरी आणि एकच वाफेने धुतल्यासारखा लख्ख निघाला, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जाते.

एक इशारा इथेच द्यायला हवा. गॅस्केट फुटलेल्या गाडीत रात्रभर पाणी झिरपून सिलिंडरमध्ये साठू शकते. सकाळी सेल्फ मारला आणि इंजिन एकदम अडकले तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चारही प्लग काढावेत, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावे.

याच्या उलट बाजूचा गैरसमजही तितकाच महागडा पडतो. ऑइल भरायचे झाकण उघडले आणि आतून पिवळट-पांढरा, लोण्यासारखा थर दिसला, की ‘ऑइलमध्ये पाणी, गॅस्केट गेले’ असे ठरते. रेवदंड्यातून चौल नाक्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत हा थर गॅस्केट शाबूत असतानाही धरतो. एवढ्या अंतरात पाणी गरम होते, ऑइल होत नाही. क्रँककेसमधली वाफ बाहेर पडत नाही आणि थंड झाकणाखाली ऑइलशी घुसळली जाते. थर पुसून गाडी अलिबाग-पोयनाडच्या पुढे तासभर सलग चालवून आणावी. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ आहे, रेडिएटरची पातळी उतरलेली नाही आणि थर पुन्हा धरला नाही, तर गॅस्केटला हात लावायचे कारण नाही. डिपस्टिकवरच ऑइल दुधाळ दिसले तर मात्र गाडी तिथेच थांबवावी; अशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

मचूळ पाण्याचा परिणाम हळूहळू होतो पण खोल जातो. ॲल्युमिनियमचे हेड, बिडाचा ब्लॉक आणि मध्ये क्षारयुक्त पाणी, अशी जोडी जमली की ॲल्युमिनियम कुरतडले जाते. पाण्याच्या छिद्रांच्या कडा झडतात आणि नवे गॅस्केटही तिथे धरत नाही. म्हणून हेड काढले की सरळ पट्टी आणि फिलर गेजने ते तिरके-आडवे तपासावे, छिद्रांच्या कडा पाहाव्यात, मगच लेथवर घासायला पाठवावे. घासण्यालाही मर्यादा आहे. जितके जास्त घासाल तितके कंप्रेशन वाढते. बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळायचे. रेडिएटरमध्ये शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट घालणे हा या किनाऱ्यावर सगळ्यात स्वस्त विमा आहे.

निळ्या धुराकडे वळले की खरी गुंतागुंत सुरू होते, कारण ऑइल सिलिंडरमध्ये दोन वाटांनी येते: वरून, व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या व्हॉल्व्ह गाइडमधून, आणि खालून पिस्टनच्या रिंगांवरून. वरची वाट झिजली असेल तर हेड उतरवून काम होते. खालची झिजली असेल तर पूर्ण इंजिन काम. खर्चात फार मोठे अंतर आहे, म्हणून हा भेद करणे हेच या विद्येचे सार म्हणावे लागेल.

रस्त्यावरची चाचणी अशी. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून कोर्लई-बोर्लीच्या पुढे काशीदकडे जाताना चढ-उतार लागतात. अलिबाग-वडखळ रस्त्यावर कार्ले खिंड आहे. कुठलाही लांब उतार चालेल. मागून दुसऱ्या गाडीतून कोणीतरी पाहत राहावे. उतारावर गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी येऊ द्यायची. थ्रॉटल बंद आणि इंजिन वेगात, या अवस्थेत इनटेक मॅनिफोल्डमधली पोकळी सर्वांत तीव्र असते आणि ती झिजलेल्या इनटेक गाइडमधून ऑइल खाली ओढते. उतार संपताच ॲक्सिलरेटर दाबला की साठलेले ऑइल एकदम जळते आणि निळा भपका निघून जातो. भपका येऊन थांबला तर संशय गाइडवर. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिल्या सेल्फला निळा झोत सोडला आणि मग स्वच्छ चालली, तरी बोट तिकडेच जाते. रात्री ऑइल गाइडमधून थेंबथेंब खाली उतरलेले असते. याउलट चढावर, भरल्या गाडीत, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना धूर सतत येत राहिला तर संशय रिंगा आणि बोअरवर.

ही खूण चांगली आहे, पण तिच्यावर इंजिन खोलू नये. पिस्टनवरची खालची, ऑइल खरवडणारी रिंग झिजली किंवा काजळीने जाम झाली, तर तीही उतारावरच्या पोकळीत ऑइल वर ओढू देते आणि गाइडचेच सोंग घेते.

पुढची पायरी कंप्रेशनची. इंजिन तापवायचे, चारही प्लग काढायचे, इग्निशनची मुख्य वायर सोडवायची, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सेल्फवर इंजिनाला सारखेच पाच-सहा फेरे द्यायचे. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचे. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत सगळे असतील तर समाधान मानावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट उडालेले असते. एखादाच खाली असेल तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचे. ऑइल रिंगांभोवती पसरून तात्पुरती फट बुजवते. आकडा चांगला चढला तर रिंगा-बोअर; जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. पण गाइड झिजलेले इंजिनही कंप्रेशन उत्तम दाखवते आणि ऑइल रिंग जाम झालेले इंजिनही उत्तमच दाखवते, कारण दाब धरण्याचे काम वरच्या रिंगांचे असते. ‘कंप्रेशन बरोबर आहे, म्हणजे रिंगा ठीक’ हे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे.

उरलेला निवाडा ब्रीदर देतो. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडावे. बारीकशी धाप असणे नेहमीचे. झाकण उडवील असा धूरमिश्रित झोत येत असेल तर वायू रिंगांवरून खाली जातो आहे. झोत नाही, कंप्रेशन समान आहे, उतारानंतर भपका येतो आणि इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ओली काळी काजळी साचलेली दिसते, एवढे सगळे एका दिशेने बोलले तर गाइड नक्की समजावे. व्हॅक्यूम गेज मिळाले तर तेही लावावे. निरोगी इंजिनात स्लोवर सुई सतरा ते एकवीस इंचांच्या दरम्यान स्थिर राहते. गाइड सैल असले की ती स्लोवर भरभर थरथरते.

या सगळ्याच्या आधी करायची चार कामे दहा मिनिटांत होतात आणि निम्म्या वेळा तीच पुरतात. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर तर नाही ना? जास्त ऑइल क्रँकच्या फटक्याने बोअरवर उडते आणि रिंगांना आवरत नाही. ऑइल पातळ झाले आहे का? डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला आणि पातळी न भरता वाढलेली दिसली, तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते आहे. हल्ली वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या रबराचे पडदे व नळ्या त्यात टिकत नाहीत, तेव्हा हा बिघाड पुन्हा पुन्हा पाहावा लागणार. कोणी नव्या गाडीचे पातळ ऑइल तर घातले नाही? या इंजिनांना २०डब्ल्यू-५० सारखे दाट ऑइलच रुचते. आणि ब्रीदरची नळी उघडी आहे का? दमट हवेत, तुटक वापरात तिच्यात चिकट गाळ साचतो. पावसाळ्यात कुंभारमाशी मातीचे घरही करते. वाट बंद झाली की क्रँककेसमधला दाब ऑइलला मिळेल तिथून वर ढकलतो.

पावसाळाभर बंद राहिलेल्या गाडीचा निळा धूर वेगळा धरावा. खारी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून बोअरपर्यंत पोचते, भिंतीवर गंजाची पुसट रेघ उमटते आणि रिंगा खाचेत चिकटून बसतात. असे इंजिन थेट सेल्फवर घेऊ नये. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे रॉकेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून घालावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे, रोज हाताने थोडे फिरवावे. मग उरलेला द्रव बाहेर काढून, ऑइल-फिल्टर बदलून गाडी चालू करावी. सुरुवातीला धूर दाट येईल, घाबरू नये. दोनशे-तीनशे किलोमीटर नीट तापवून चालवल्यावर चिकटलेल्या रिंगा बहुधा सुटतात आणि धूर उतरतो. कंप्रेशन मोजायचे ते त्यानंतर. आधी मोजले तर जे इंजिन फक्त आळसावलेले आहे ते मेलेले ठरते. धूर कमी न होता हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल लागू लागले, की बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालण्याचा विचार करावा.

काळा धूर सर्वांत भडक दिसतो आणि सर्वांत सोपा असतो. पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते, एवढाच त्याचा अर्थ. एअर क्लीनर काढून गाडी चालवून पाहावी. धूर गेला तर काम झाले. चोकची केबल गंजून पडदा अर्धवट बंद राहिला आहे का ते डोळ्यांनी दिसते. त्यानंतर कार्ब्युरेटर. टाकीतला जुना गाळ इथेनॉलमुळे सुटतो, नीडल व्हॉल्व्हखाली कण अडकतो, फ्लोट चेंबर तुडुंब भरतो आणि पेट्रोल इनटेकमध्ये वाहते. फ्लोट काढून कानाशी हलवावा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटलेला आहे आणि नीडल बंद होणारच नाही. जेट झिजला असेल तर तारेने टोकरू नये, बदलावा. प्लग कोरडे, मखमली काळे निघतात; ओले तेलकट निघाले तर तो ऑइलचा मामला आहे, पुन्हा मागच्या तपासण्यांकडे जावे. पीयूसीसाठी अशा जुन्या चारचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. मात्र सायलेन्सर गंजून भोक पडले असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा कमी येतो, म्हणून मोजणीआधी नळीच्या तोंडावर जाड फडके क्षणभर धरून कुठे फुसफुस होते का ते ऐकावे.

पांढऱ्या धुराची एक वाट अजून राहिली: ज्या गाड्यांना व्हॅक्यूमवर चालणारा सर्वो ब्रेक आहे, त्यांत सर्वोतून ब्रेक ऑइल इनटेकमध्ये ओढले जाऊन दाट पांढरा धूर येऊ शकतो. ब्रेक ऑइलची पातळी कमी होते आणि बाहेर गळती दिसत नाही, ही त्याची खूण. डिझेल इंजिनाचे शास्त्र वेगळे आहे. तिथे पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो.

दुरुस्तीनंतरचा धूरही वाचता यायला हवा. जुने ऑइल सायलेन्सरच्या पोटात मुरलेले असते आणि नव्या गाइड-रिंगांनंतरही ते कित्येक दिवस जळत राहते. नव्या रिंगांना बोअरशी जुळायला काही शे किलोमीटर लागतात; त्या काळात इंजिन फार वेळ स्लोवर ठेवू नये, चढावर मध्यम भार देऊन चालवावे, पण रेटू नये. पाचशे किलोमीटरला ऑइल बदलावे आणि त्या दिवसापासून डिपस्टिकची नोंद वहीत ठेवावी. पातळी हलत नसेल तर मागे दिसणारा निळसर अंश सायलेन्सरचा आहे आणि अलिबाग-वडखळसारख्या दोन-तीन लांब फेऱ्यांत तो जातो. पातळी उतरतच राहिली तर कागदाची आणि उताराची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी.